फटीतल्या कड्या

“मास्तर, ह्यातल्या कड्या गेल्या कुठं?”

दवाखान्यातली सिस्टर आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली होती. सीट आणि पाठ यांच्या मधल्या फटीत तिचा हात मनगटापर्यंत गेला होता आणि तिथेच अडला होता. मास्तरच्या सीटकव्हरच्या दुकानाच्या पायरीवर तिनं बाळाची नवी खुर्ची ठेवली होती. खुर्चीच्या मागून दोन दांडे बाहेर आलेले, दांड्यांच्या टोकाला खेकड्याच्या नांगीसारखे चाप.

“आहेत की आत,” मास्तर म्हणाला. “त्यांनाच तर मी कव्हर ताणून बांधतो. कंपनीनं आम्हा कव्हरवाल्यांसाठीच ठेवल्यात त्या.”

सिस्टरनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती हसली नाही.

“त्या बाळाची खुर्ची अडकवायला असतात. कुणी सांगितलं तुम्हाला?”

कुणीच नाही. बावीस वर्षं तो गाड्यांची कव्हरं शिवत होता. पूर्वी कव्हर बांधायला आत काहीच मिळत नसे. मग नव्या गाड्यांत फटीच्या तळाशी दोन पोलादी कड्या दिसायला लागल्या आणि त्याला वाटलं, चला, कुणाला तरी आपली दया आली. जाड तार कडीत ओवायची, पीळ द्यायचा, वर फोम दाबून टाके घालायचे. सुरकुती औषधालाही सापडायची नाही. कडीपाशी नखाएवढी एक पट्टी असायची, तिच्यावर खुर्ची आणि बाळाचं चित्र. ती शिवणीत यायची म्हणून तो कापून टाकायचा. गाडीबरोबर जाडजूड पुस्तक येतं, ते विकणारा वाचत नाही, घेणाराही वाचत नाही. जीव वाचवायची वस्तू फटीत लपवायची आणि तिची खूण नखाएवढी ठेवायची, ही अक्कल शिकल्यासवरल्यांची. पण पट्टीवरचं बाळ मास्तरला दिसत होतं. दिसत असून त्यानं कात्री चालवली. ते पाप त्याचं.

सिस्टरनं खुर्ची आत घेतली आणि चाप फटीत रेटले. खट्. खट्. चापांवर पक्कं बसल्याची हिरवी खूण आली.

“बसली की हो!”

“ओढा.”

मास्तरनं ओढली. तारेचा पीळ करकरत उलगडला आणि खुर्ची त्याच्या छातीवर आली. चापांनी कडी धरलीच नव्हती, त्याची तार धरली होती.

“मी अपघात विभागात असते,” सिस्टर शांतपणे म्हणाली. “करकचून ब्रेक लागला की अशी सुटलेली खुर्ची पोरासकट पुढं जाते. आई नंतर एकच सांगत राहते, मी नीट बसवली होती हो, आवाज आला होता.”

लेकीची गाडी! आठ दिवसांपूर्वी बसवलेलं कव्हर. घरचं काम म्हणून तार दुहेरी घातलेली. आणि आज सकाळी नऊला लेक, जावई आणि चार महिन्यांची नात त्याच गाडीतून इकडे यायला निघाली होती. आता साडेअकरा वाजले होते. म्हणजे ती भर हमरस्त्यावर, मालट्रकांच्या मधोमध.

त्यानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लेकीनं उचलला.

“काय हो बाबा? आत्ता कुठं झोपलीय ती.”

“गाडी थांबव.”

“आँ?”

“थांबव म्हणतो ना! खुर्ची पक्की नाही बसलेली.”

“बसलीय बाबा. आवाज आला, हिरवी खूणपण दिसतेय.”

गाडी चालवणाऱ्या जावयाचा आवाज आला, “सासरेबुवांना सांग, कंपनीनं त्यासाठी इंजिनिअर ठेवलेत.”

“इंजिनिअरच्या नानाची टांग!” मास्तर ओरडला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. “चूक माझी आहे. माझ्या हातची. थांब गं बाई, पाया पडतो तुझ्या.”

बाप असं कधी बोलला नव्हता. पलीकडून रस्त्याचा घोंघाट ऐकू येत होता. मग तो हळूहळू कमी झाला.

“पेट्रोल पंपावर घेतलीय. बोला.”

“पोरीला नवऱ्याकडं दे. खुर्ची ओढ. जोरात.”

मास्तर कानाला फोन दाबून उभा. पलीकडून करकर आली.

“बाबा… अख्खी हातात आली.”

रडायची ही वेळ नव्हती.

“ऐक. सीटवर एक गुडघा रोव, सगळा भार दे. फट उघडेल. तळवा वर करून चार बोटं आत घाल. फोम लागला?”

“लागला.”

“त्याचे टाके काप. नेलकटर, चाकू, काय असेल त्यानं. आत तार लागेल. पीळ उजवा आहे, तू डावीकडं फिरव.”

मास्तरनं डोळे मिटले होते. त्याची बोटं हवेत डावीकडे फिरत होती.

“बोट कापलं… थांबा. निघाली तार. पण कडी नाहीये बाबा.”

“आहे. अजून आत. मनगट आत जाऊ दे. पेन्सिलीएवढी जाड, गार लागेल.”

“सापडली! गार आहे.”

दुसरी सापडायला आणखी दहा मिनिटं गेली. मग खट्. खट्.

“आता ओढ. माझ्यावरचा सगळा राग काढ तिच्यावर.”

“हलत नाही. गाडीच हलतेय.” थोडं थांबून लेकीनं विचारलं, “बाबा, असं किती गाड्यांत केलंय तुम्ही?”

“सावकाश या,” एवढंच तो म्हणाला.

सिस्टरच्या गाडीतलं कव्हर त्यानं तिथल्या तिथे उसवलं, खुर्ची कड्यांत अडकवली आणि तिच्याकडून ती तीनदा ओढवून घेतली. मग ब्लेड आणि पक्कड घेऊन, दुकान उघडं टाकून तो रस्ता ओलांडून गेला. समोर छापखान्याच्या मालकाची गाडी उभी होती. कव्हर गेल्याच महिन्यात बसवलेलं.

“दार उघडा. कव्हर फाडायचंय.”

“डोकं फिरलं का मास्तर? नवंकोरं आहे!”

“मागं पोरं बसतात ना?”

“नातू बसतो. का?”

मास्तरनं का ते सांगितलं. काहीही न वगळता, कापलेल्या पट्टीसकट. मालकाचा चेहरा उतरत गेला. मग तो असं काही बोलला की आजूबाजूची दुकानं बाहेर येऊन ऐकायला लागली. मास्तरनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तो तिथून हलला नाही.

अखेर मालकानं दार उघडलं. मास्तर भर रस्त्यात गुडघ्यांवर बसला, बाही वर सारली आणि फटीत हात घातला.