पूर्वेला दार, पुढं भिंत

या, बसा असं म्हणायला माझ्याकडं ऐसपैस जागा नाही. सहा फूट बाय चार फुटांत माझा सगळा संसार. मी पत्र्याची शेड बोलतेय, हर्सूलच्या एका बंगल्यामागं उभी असलेली, बागेची अवजारं सांभाळणारी. आवाज जरा मोठा वाटेल. एक तर पत्र्याचा आहे, आणि दुसरं म्हणजे मी दुकानात वाढलेय. दुकानात वाढलेल्याला हळू बोलता येत नाही.

माझा जन्म कडुबाशेठच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात झाला. शेठ सातवीपर्यंत शाळेत गेले. पुढचं गिऱ्हाईकांनी शिकवलं असं ते स्वतःच सांगतात. अँगलचा सांगाडा, वर जस्ताचा पत्रा, छताला मागच्या बाजूनं उतार आणि खाली-वर वारा खेळायला जाळ्या असं त्यांनी मला स्वतःच्या हातानं घडवलं. "मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याच्या डब्यात माणूस भाजून निघतो," ते म्हणायचे, "मग कुदळीचा दांडा तडकणार नाय का?" लोखंडाच्या माणसाला लाकडाची एवढी काळजी मी तरी दुसरीकडं पाहिली नाही.

दीड वर्ष मी रस्त्याकडेला नमुना म्हणून उभी होते. तेवढ्या काळात माणूस मला चांगलाच कळला. माणूस वस्तू घ्यायला आला की आधी तिला थापट मारतो. टरबूज वाजवावं तसं मला येणारा-जाणारा वाजवून बघायचा, कान लावायचा आणि "पत्रा बरा आहे" असं मानेनं कबूल करायचा. आत काय ठेवायचंय, ते आत कसं जाणार, हे कुणी विचारत नसे. एका गृहस्थांनी माझी धाकटी बहीण नेली, का तर तिचा हिरवा रंग त्यांच्या लॉनला शोभत होता. तिसऱ्या दिवशी तणतणत परत आले. गवत कापायचं यंत्र दारातून जाईना! शेठनं चहा मागवला, खुर्ची दिली आणि गोड आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही रंग नेला हो. शेड इथंच राहिली."

शेठचे नियम दोनच. घरातली सगळ्यात लांब वस्तू आधी मोजा, मग दार बघा. आणि दारापुढं चार पावलं मोकळी ठेवा. हे नियम ते प्रत्येकाला ऐकवत, आणि प्रत्येक जण मान हलवून विचारी, "निळ्यात आहे का?"

मग एके दिवशी नानासाहेब आले. विमा कंपनीत अधिकारी. बिडकीनकडची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली आणि घर हर्सूलला आलं. सोबत बायको तनुजाबाई आणि मागून वडील सूर्यभान अण्णा, खांद्यावर पाच फुटांची लोखंडी पहार घेऊन.

"अण्णा, पहार कशाला आणली दुकानात? लोक काय म्हणतील?" नानासाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"पायताण घ्यायला जाताना पाय घरी ठिवून जातो का तू?" अण्णा म्हणाले आणि पहार घेऊन सरळ माझ्या आत शिरले. उभी करून बघितली, आडवी करून बघितली. दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं. बिजागरीवर बोट फिरवलं. मला थापट मात्र मारली नाही.

कडुबाशेठ बघतच राहिले. "बाबा, इतक्या वर्षांत मोजून घेणारं हे पहिलं गिऱ्हाईक," ते म्हणाले. मलाही धन्य वाटलं. वाटलं, आपलं बस्तान चांगल्या घरी बसणार.

घर चांगलंच होतं. पण घरात सुदर्शन होता.

सुदर्शन म्हणजे तनुजाबाईंचा भाऊ. तीन महिने मोबाईल बघून वास्तुशास्त्रात पारंगत झालेला. कडुबाशेठ मला टेम्पोतून उतरवत होते तेवढ्यात सुदर्शन मोबाईलमधलं होकायंत्र तळहातावर धरून माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "दाजी, तुमची बढती कुठं अडलीय ते सापडलं. लोखंडाचं दार पश्चिमेला येतंय. पूर्वेला करा, ऊर्जा सरळ आत."

"पूर्वेला कंपाउंडची भिंत हाय," कडुबाशेठ म्हणाले. "दार वीतभर उघडंल. आत जायचं कुणी?"

"ऊर्जा जाईल."

"ऊर्जा जाईल हो. फावडं नाय जायचं."

नानासाहेबांनी एकदा फावड्याकडं पाहिलं, एकदा सुदर्शनकडं. फावड्यानं बढती मिळाल्याचं त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. माझं तोंड भिंतीकडं झालं. शेठनं चार कोपऱ्यांखाली विटा रचल्या, पण सिमेंट काही घातलं नाही. जाताना माझ्या पत्र्याशी पुटपुटले, "सिमेंट नंतर. तू अजून फिरणार हायेस."

तेव्हापासून माझ्या पोटात फक्त चपट्या वस्तू आल्या. दाराच्या फटीतून हात घालून ढकलता येईल तेवढंच. योगासनांची चटई, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, चार वर्षांची कॅलेंडरं, एक मोडकी बॅडमिंटनची रॅकेट. अवजारं ठेवायची म्हणून मला आणलं, आणि अवजारं माझ्या पाठीला टेकून बाहेर उभी. दोन खुरपी, विळा, कुदळ, टिकाव, फावडं, पहार.

"मामा, खुरपी तरी फटीतून टाका ना आत," तनुजाबाई एकदा सासऱ्यांना म्हणाल्या.

"हत्यार टाकत नसतात पोरी, ठिवत असतात," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांवर खताचं पोतं पांघरलं.

माझ्या छताचा उतार मागच्या बाजूनं, हे मघाशी सांगितलंय. पावसाळाभर माझ्याच छताचं पाणी धार लावून माझ्याच अवजारांवर पडत राहिलं. पोत्यानं किती तग धरावा? अण्णा रोज सकाळी येत, पोतं उचलत, गंजलेल्या पात्यावर विटेचा तुकडा घासत. मी बघत होते. पत्र्याला लाज वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तो तुमचा गैरसमज आहे.

इकडं नानासाहेबांनी ऑफिसात सांगून ठेवलं होतं की आपण घरी शेतकरी कोपरा केलाय, वडिलांची परंपरा जपलीय. फोटोही दाखवले. पुण्याहून बदलून आलेले मोठे साहेब म्हणाले, "वा! येत्या रविवारी येतो बघायला."

रविवार म्हणजे खंडेनवमी निघाली.

घरात एकच धांदल. लॉनवर उभं राहिलं की माझी पाठ दिसते. पाठीला दार कुठून असणार? सुदर्शननं तोड काढली. एक पेंटर बोलावून माझ्या पाठीवर दार रंगवून घेतलं. चौकट, कडी, कुलूप, वर तोरण, बाजूला 'शेतकरी कोपरा' अशी वळणदार अक्षरं. चित्र झकास झालं होतं. मलाच क्षणभर वाटलं, उघडेल की काय. फक्त त्या चित्रासमोर गंजकी अवजारं उभी होती आणि ती शोभत नव्हती.

"भंगारवाल्याला देऊन टाकू," तनुजाबाई म्हणाल्या.

अण्णा लॉनच्या कडेला बसले होते. "नाना," ते म्हणाले, "उद्या नवमी हाय. माझ्या बापापासून ह्या हत्यारांना फूल वाहतोय. जमीन गेली, बैलं गेली, मी काय बोललो नाय. हातात धरायला एवढंच उरलंय. हे राहू दे."

"अण्णा, पूजा होईल की. यंदा लॅपटॉपची करू, गाडीची करू," नानासाहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसती घाई होती.

सकाळी अण्णा ताटात झेंडूची फुलं, हळद-कुंकू घेऊन माझ्या पाठीशी आले, तर तिथं काहीच नव्हतं. पोतंसुद्धा नव्हतं. ते ताट धरून तसेच उभे राहिले. म्हणजे रंगवलेल्या दारासमोर, कुणी आतून उघडेल म्हणून थांबल्यासारखे.

तेवढ्यात मोठे साहेब आले. धिप्पाड गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट. "अरे वा!" म्हणत त्यांनी थेट माझी कडी ओढली. हाताला काही लागलं नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा नखानं खरवडून बघितली.

"नानासाहेब, हे दार रंगाचं आहे."

"हो सर. म्हणजे खरं दार पलीकडं आहे."

साहेब वळसा घालून गेले आणि भिंतीच्या फटीत हात घालून, बाहीला चुना लावून परत आले. "ते उघडत नाही."

"सर, ते ऊर्जेसाठी आहे," सुदर्शननं सांगितलं.

"आणि अवजारं?"

ह्यावर कुणी काही बोलायच्या आत फाटकातून आवाज आला. भंगारवाला फकिरा होता. तनुजाबाईंनी पोत्यात बांधून फाटकाशी ठेवलेली अवजारं त्यानं सोडून बघितली होती.

"ताई, तुम्ही रद्दी हाय म्हणून बोलवलं. हे तर वावरातलं लोखंड हाय. आज खंडेनवमी! मी आज माझ्या तराजूलाबी फूल वाहिलंय. आजच्या दिवशी हत्यार भंगारात घेतलं तर घरची भाकर गोड लागंल का मला? नाय नेणार." असं म्हणत त्यानं एकेक अवजार उचलून अण्णांपुढं आणून ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

नानासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण अण्णांनी तो बघितला नाही. त्यांनी फुलांचं ताट गवतावर ठेवलं, पहार उचलली आणि तिचं टोक माझ्या कोपऱ्याखाली घातलं.

"अण्णा, आत्ता नको. सर आहेत."

"असू दे की. त्यास्नीबी पत्रा धरता येत आसंल."

मोठ्या साहेबांनी खाली बसून बूट काढले. "मी फर्दापूरचा, शेतकऱ्याच्या घरचा आहे हो," ते म्हणाले. "सरका बाजूला. ए भाऊ, तो मोबाईल ठेव खिशात आणि ह्या अंगानं धर."

आयुष्यभर बांधावरचे धोंडे हलवलेला अण्णांचा हात होता तो. अण्णांनी पहारीवर भार दिला, मी चार बोटं उचलली गेले. फकिरानं वीट सरकवली, नानासाहेबांनी दुसरी लावली. आधी मला भिंतीपासून ओढलं, मग हळूहळू फिरवलं. पोटातली कॅलेंडरं आणि रॅकेट धडाधड कोसळत होती. मला कशाचीच फिकीर नव्हती. सिमेंट न घालणाऱ्या कडुबाशेठला मी मनातल्या मनात दुवा देत होते.

माझं तोंड लॉनकडं झालं. दार सताड उघडलं. अण्णांनी अवजारं धुतली, तेलाचा हात फिरवला, हळद-कुंकू लावून एकेक जागेवर ठेवलं. पहार शेवटी. तनुजाबाईंनी न सांगता तेलाची वाटी आणून दिली होती. साहेबांनी आणि फकिरानं एकाच ताटातलं फूल वाहिलं. नानासाहेबांनी सगळ्यांच्या मागं उभं राहून हात जोडले, आणि पूजा झाल्यावर पहार नीट टेकलीय ना ते स्वतः जाऊन बघितलं.

राहता राहिला सुदर्शन. त्यानं होकायंत्र बाहेर काढलंच. माझी पाठ आता भिंतीकडं, आणि पाठीवरचं रंगवलेलं दार बरोबर पूर्वेला.

"बघा दाजी!" तो ओरडला. "ऊर्जेचं दार पूर्वेलाच आलं की!"

तेव्हापासून घरात सगळे खूश आहेत. ऊर्जा चित्रातल्या दारानं ये-जा करते, माणसं पत्र्याच्या. बढतीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. माझ्याजवळ बसून ऑफिसच्या गोष्टी कुणी बोलत नाही. आठ दिवसांनी कडुबाशेठ सिमेंट घेऊन आले आणि न विचारता चारी कोपरे पक्के करून गेले. छताचं पाणी आता भिंतीकडं पडतं.

तेव्हा शेड घ्यायला निघालात तर रंग खुशाल तुमच्या आवडीचा घ्या, थापटही मारा, आम्हाला सवय आहे. फक्त येताना घरातली पहार सोबत आणा. आणि ती ज्याच्या हातची आहे त्यालाही आणा.

चला, अण्णा वांग्याची आळी खुरपून परत आलेत. खुरपं जागेवर ठेवतील, आत एक नजर फिरवतील आणि दार लावतील. मग माझं बोलणं बंद.