शंभर तासांची सही

क्रेनचालकाच्या परवान्यासाठी शंभर तासांचा सराव अनिवार्य होता. वस्तादांनी जावयाला तीसच तास बसवले आणि लेकीच्या आग्रहाखातर वहीत शंभर लिहून सही ठोकली.

परीक्षेत हुकाला टांगलेले ओझे हेलकावू लागले. क्रेनची बूम, म्हणजे लांब भुजा, त्यामागे हळूच न्यायची सोडून जावयाने ती गचकन थांबवली. ओझ्याने खुणेचे पिंप आडवे केले.

"परवाना हवाय की झोका खेळायचाय?" परीक्षकांनी विचारले आणि ते शेजारी उभ्या वस्तादांकडे वळले. "शंभर तास शिकवलं तरी काय?"

"चूक माझीच, साहेब," जावई खाली उतरून म्हणाला. "मामांनी जीव तोडून शिकवलं."

वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सत्तर तास मी नुसतेच लिहिलेत, साहेब," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा परवाना परीक्षकांच्या टेबलावर ठेवला.