दिव्याच्या भिंगाला सांगू नका

मी भिंग बोलतोय. पितळी कडीचं, लाकडी मुठीचं, जुनं भिंग. लगेच नाक मुरडू नका. या घरातल्या चित्रकार बाईंनी आजवर जेवढी म्हणून नखाएवढी चित्रं काढली, ती सगळी माझ्या काचेतून बघून काढली. आणि कौतुक कुणाचं? कुंचल्याचं! लोक येतात, तो इवलासा चेहरा पाहून तोंडात बोट घालतात आणि विचारतात, "किती केसांचा हो तुमचा कुंचला?" मला कुणी काही विचारत नाही. बाई त्याचं टोक ओठांत धरून लाडाने नीट करतात आणि मला जुन्या फडक्याने खसाखसा पुसतात. जळतो मी त्याच्यावर, सरळ सांगतो.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. एका कारागिराने घासघासून मला मधे फुगीर आणि कडेला पातळ केलं. पुढे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने मला विकत घेतलं. त्याच्या दुकानात मी घड्याळांची पोटं बघत बसायचो. मग त्याचं लग्न झालं आणि बायको आली ती चित्रकार. तीही अशी, की पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर माणसं बसवणारी!

"अहो, हे भिंग आता माझं हं," त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं.

"घे ना! दुकान तेवढं ठेव मला," घड्याळजी म्हणाले.

झालं, मी टेबलावर आलो. घोटून गुळगुळीत केलेला कागद, शिंपल्यांत कालवलेले रंग, श्वास रोखून बसलेल्या बाई आणि मधे मी. ठिपक्याला ठिपका लागून गाल व्हायचा, ओठ व्हायचे. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. पुरं चित्र मी कधी पाहिलंच नाही. माझ्या वाट्याला एखादी नाकपुडी यायची, नाहीतर अर्धी भुवई. चित्र झालं की मला बाजूला सारायचे आणि आख्खा चेहरा बघायला सगळं घर जमायचं. माणसांच्या साध्या डोळ्यांचाही मला तेव्हापासून हेवा वाटतो.

तरी बरं चाललं होतं. मग बाईंची नजर अधू झाली आणि घड्याळजींनी ते दिव्याचं भिंग आणलं.

काय त्याचा रुबाब! माझ्या दुप्पट आकार, कडेने गोल दिवा, लवचीक मान. टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट आवळून बसवलं त्याला, जसं काही ते टेबल त्याच्या बापाचंच! बाई त्यातून बघून म्हणाल्या, "अगं बाई, किती स्वच्छ दिसतंय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय इतकी वर्षं चिखल दाखवत होतो? मला त्यांनी कागद उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलं. वजन म्हणून!

त्याच सुमारास बाईंची धाकटी बहीण आली. नवऱ्याच्या नोकरीपायी ती समुद्रापलीकडे कायमची राहायला निघाली होती.

"ताई, मला आई काढून दे ना. गळ्यातल्या डबीत मावेल एवढी."

आईचा एकच फोटो होता. तोही उन्हात काढलेला, आई डोळे बारीक करून उभी.

"फोटोतली नको गं," धाकटी म्हणाली. "आपली आई काढ. दारातून आत आलं की 'जेवलीस का?' म्हणून बघायची ना, तशी. तिकडे मला कोण विचारणार आहे?"

बाई बसल्या. नव्या भिंगाखाली, अर्थात. मी कागदांवरून बघत होतो आणि आतल्या आत धुमसत होतो. त्या मेल्याने बाईंना काय काय दाखवावं! डोळ्याखालची प्रत्येक सुरकुती, पापणीचा प्रत्येक केस, ओठांवरच्या बारीक रेघा. बाईही हरखून सगळं काढत गेल्या. काचेखाली म्हणे आई श्वास घेत होती. मी हे ऐकून घेतलं. न ऐकून जाईन कुठे?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी धाकटी आली. तिने चित्र हातात घेतलं, नेहमी माणसं धरतात तसं, हातभर लांब.

"ताई, ही कोण गं?" तिने हळूच विचारलं.

बाईंनी चित्र हिसकावून घेतलं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. काचेखाली वेगवेगळ्या दिसणाऱ्या त्या शेकडो रेघा लांबून एकात एक मिसळल्या होत्या. चेहरा काळवंडला होता. आई कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होती.

मला उकळ्या फुटल्या! जिरली एकदाची! बाईंनी दिवा खटकन बंद केला, त्या भिंगाची मान पलीकडे वळवली आणि मला उचललं. मला! मी मनात म्हटलं, आलात ना शेवटी माझ्याकडे?

बाईंनी मला क्षणभर हातात धरलं. "तूही नको रे बाबा," म्हणाल्या आणि मला खणात टाकलं.

खण अर्धवट उघडा राहिला म्हणून निदान ऐकू तरी येत होतं, फटीतून बाईंची पाठ तेवढी दिसत होती. बाईंनी चित्र भिंतीला टेकवून उभं केलं. त्या मागे जायच्या, बघायच्या, पुढे यायच्या, ओल्या कुंचल्याने सुरकुत्या पुसायच्या, परत मागे. धाकटी सांगत होती, "गाल, ताई, डावा गाल जरा वर." कुंचला होता, डोळे होते, बहिणी होत्या. मी तेवढा नव्हतो. इतकी वर्षं या घरातल्या चित्रांची पापणी न् पापणी ज्याने दाखवली, तो खणात पडला होता, रबरांच्या चुऱ्यात. मला रडू येत होतं.

मग कुंचला वाटीत टाकल्याचं ऐकू आलं. आणि धाकटीचा आवाज आला.

"जेवले गं आई. जेवले."

सगळ्यांना आई दिसली. एक मला सोडून.

डबीत बसवण्याआधी घड्याळजींनी मला खणातून काढलं. "कुंचल्याचा केसबिस चिकटला नाही ना, बघतो," म्हणाले. पण आता त्यांनाही जवळचं दिसत नाही. त्यांनी मला आधी चित्रावर धरलं, मग वर, आणखी वर, पार हात ताणून. आणि एकाएकी माझ्या काचेत ती आली. आख्खी. एवढीशी, उलटी, डोकं खाली, पण पुरी! डावा गाल वर, ओठ किंचित उघडे, आता विचारणारच अशी.

"यात तर सासूबाई उलट्या दिसतात," घड्याळजी म्हणाले आणि दोघी बहिणी रडता रडता हसल्या.

आता ती डबी समुद्रापलीकडे गेली. दिव्याच्या भिंगाचा दिवा पुन्हा लागतो, बारीक कामाला अजून तेच लागतं. मी घड्याळजींच्या उशाशी असतो, औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचायला. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती राहू दे. तुमच्याकडे एखादं जुनं भिंग असेल, तर त्याला सदा वस्तूला चिकटवून धरू नका. कधीतरी हात लांब करा. त्यालाही आपली माणसं पुरी बघायची असतात.

आणि हे त्या दिव्याच्या भिंगाला सांगू नका. ते टेबलाला आवळलेलं आहे. त्याला कुणी कधी लांब धरणार नाही.