तिवरांच्या वाटेवरचा दरवाजा

सन २००६. वैशाखातली अमावास्या, ओहोटीची वेळ. त्या दुपारी मला शेवटचं खाली सोडलं.

मी उघाडीचा दरवाजा बोलतोय. उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधाला ठेवलेलं तोंड, खाडीच्या बाजूचं. दोन दगडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांत वर-खाली सरकणारा मी. मला वर ओढलं की भरती आत येते. खाली सोडलं की अडते. एवढंच माझं काम. ते मी चोख केलं.

माझा जन्म घोडबंदरमागच्या डोंगरातला. मी ऐनाच्या लाकडाचा. मिठागराचा पहिला मालक काशीनाथ. त्याने झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, हात जोडले, मग कुऱ्हाड घातली. एकच झाड पाडलं. त्याला एकच दरवाजा हवा होता.

त्याच्यामागे मिठागर त्याच्या मुलाकडे, शिवदासकडे आलं. शिवदास ताठ माणूस, बोलणं तोलून. मिठाचा हंगाम धरण्याआधी तो वाफ्यांतली तिवराची रोपं उपटायचा. तिवर हे खाडीच्या खाऱ्या चिखलातलं झाड. मिठागरवाल्याला ते तण. शिवदास जन्मभर उपटत आला आणि दर वर्षी ते पुन्हा उगवलं.

"मरत न्हाय ही जात," तो म्हणायचा.

पुढे त्याच्या मिठाला गिऱ्हाईक उरलं नाही. वाफे मोडले. मला वर ओढून दोर खांबाला बांधला, तो बांधलेलाच राहिला. पाणी येत-जात राहिलं आणि आत तिवरांचं रान झालं. तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात, झाड त्यांतून श्वास घेतं. त्या बोटांत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, राहायच्या, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, छोटी मासळी, राहायच्या. संध्याकाळी बगळ्यांनी फांद्या पांढऱ्या व्हायच्या.

त्या रानावर हंसाचं घर चालायचं. हंसा आणि तिचा नवरा लवू, खाडीकाठचे कोळी. रीत काशीनाथने घातलेली. पावसाळ्यात बांध लवूच्या घराने राखायचा, उघाडीच्या आतली मासळी त्या घराची. दसऱ्याला हंसा माझ्यासमोर चिंबोऱ्यांची पाटी ठेवायची, तो दरवाजाचा मान. शिवदास पाटी घरी न्यायचा. त्याची बायको सावित्री मला झेंडूची माळ घालायची.

२००५ च्या जुलैत खाडी बांधावर चढली. बांधाखालीच शिवदासचं घर. मला घाईने खाली सोडलं. पाण्याचा पहिला मार बाहेरच्या तिवरांनी खाल्ला, नाहीतर मी खांबांसकट गेलो असतो. तरी माझ्या कडेची माती सुटली. लवू छातीभर पाण्यात उतरला आणि पाठ मला लावून उभा राहिला. शिवदास आणि त्याचा मुलगा मितेश मातीच्या गोणी टाकत राहिले. ती पाठ अजून मला आठवते. शेवटपर्यंत हलली नाही.

बांध राहिला. घर राहिलं. लवूला पुराच्या पाण्याचा ताप भरला, त्यात तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर शिवदास हंसाला घेऊन उघाडीवर आला. मला वर ओढलं. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "हंसा, मी हाय तवर ह्यो दरवाजा तुझ्यावर बंद होनार न्हाय."

वर्ष पुरं झालं नव्हतं.

भाईंदरकडून इमारती चालत येत होत्या. डंपर यायचे, राडारोडा ओतायचे, खालचं हिरवं दिसेनासं व्हायचं. मग कोर्टाने तिवर तोडायला बंदी केली. त्यातून पळवाट घेऊन एक दलाल आला, रोशन नावाचा. पँट गुडघ्यापर्यंत वर धरून बांधावर उभा राहिला.

"काका, तोडा असं मी बोललोच नाय. तोडायला बंदी आहे. आपला दरवाजा लावायला कसली बंदी? लावून टाका. पाणी बंद, झाडं आपोआप खल्लास. मग जमीन क्लीअर. बिल्डर शेठ घ्यायला तय्यार बसलाय."

"आनि हंसा?" शिवदासने विचारलं.

मितेश उसळला. "बाबा, सगळा गाव विकून मोकळा झाला. आपणच चिखल राखत बसलोय. बगळे काय आपल्याला पगार देणारेत?"

शिवदासने रानाकडे हात केला. मग म्हणाला, "तिवराला काय होत न्हाय. माझा जन्म गेला उपटन्यात. एक साल बंद ऱ्हाऊ दे. येवार न्हाय जमला तर परत उघडू. परत उगवंल."

हे तो खरं समजूनच बोलला. दोर सोडला. मी खाली आलो. रोशनच्या माणसांनी मला लोखंडी पट्ट्या ठोकून खांबांना जखडलं.

उन्हात आतला चिखल तडकला. मग पाऊस लागला. पूर्वी आतलं पावसाचं पाणी माझ्याखालून खाडीत जायचं. आता ते तुंबलं. श्वास घेणारी ती बोटं पाण्याखाली गेली आणि वर आलीच नाहीत. गणपतीपर्यंत पानं पिवळी पडली. पाणी काळं झालं, त्याला वास सुटला. चिंबोऱ्या मेल्या. बगळे एकदा येऊन घिरटी घालून गेले. तुंबलेलं पाणी वाढून शिवदासच्या चुलीपर्यंत आलं. सावित्रीने ते उपसलं.

कुऱ्हाड कुणी चालवली नव्हती. कागदावर सगळं ठीक होतं.

दसरा आला. सावित्रीने माळ घातली. शिवदास हात जोडून उभा, मितेश मागे. हंसा आली. पाटी माझ्यासमोर ठेवली.

"मान घे, दादा."

शिवदास वाकला. "ह्यात काय न्हाय."

"आत जे हाय तेच आनलंय."

"उगवंल परत," शिवदास म्हणाला. "दर साली उगवतं."

"बी कुठून येल?" हंसाने आवाज चढवला नाही. "तिवराचं बी भरतीवर तरंगत येतं. तुझ्या ह्याच दारातून यायचं. दार तू लावलंस."

शिवदास माझ्याकडे वळला. जन्मभर त्याने रोपं उपटली होती. ती येतात कुठून, हे कधी मनात आलं नव्हतं. त्याने पट्टीला हात घातला. पट्टी हलली नाही. मीही फुगून खाचेत बसलो होतो.

"कुऱ्हाड आन," तो मितेशला म्हणाला.

"बाबा, शेठला शब्द दिलाय आपण."

"त्याच्या आधी एक दिलाय."

मितेश जागचा हलला नाही. सावित्री घरी गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली.

शिवदासने आधी माझ्या गळ्यातली माळ काढून खांबावर ठेवली. मग घाव घातला. म्हातारा हात, पण नेम चुकला नाही. मी मधोमध फुटलो. आतलं काळं पाणी बाहेर धावलं, खूप वेळ धावत राहिलं. मग भरती आली. दशमीचं पाणी मोठं नसतं. तरी आलं.

मेलेलं रान उठलं नाही. हे सांगायला हवं. आज २००९ सालीही आत नुसते वाळके खुंट उभे आहेत. शेजारच्या मिठागरांचे असेच लावलेले दरवाजे कुणी उघडले नाहीत. तिथे टॉवर आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्या जिन्यांत पाणी असतं. हंसा त्यातल्याच एकात भांडी घासते. मितेश भाईंदरला राहतो, बापाशी बोलत नाही.

मी चिखलात आडवा पडलोय, अर्धा. कुणाकडे काही मागत नाही. एवढंच सांगतो, झाड मारायला कुऱ्हाडच लागते असं नाही.

माझ्या भेगेत एक बी अडकलं. ते रुजलं. त्याच्या आजूबाजूला आणखी काही. हात पसरला तर झाकेल एवढंच रान.

या दसऱ्याला हंसा आली. माझ्याखाली हात घातला, चाचपलं. पाटी बांधावर ठेवली. पाटीत एक चिंबोरी होती.

बांधावर बसलेला शिवदास काठी टेकत उठला. पाटी दोन्ही हातांनी उचलली.

"तुझं फिटलं, दादा," हंसा म्हणाली.