मनोऱ्यातली घंटा

आयर्लंडमधल्या नासजवळच्या एका गावातलं जुनं चर्च शनिवारी बघायला उघडं होतं. वृंदाने सवयीने दाराशीच स्वतःचे बूट काढले, चार वर्षांच्या तन्वीचेही काढले. चर्चची देखभाल करणारे म्हातारे नोएल म्हणाले, इथे त्याची गरज नाही हो. तोवर तन्वी मोज्यांवर फरशीवरून घसरतही होती.

नोएल कौतुकाने दाखवत होते. प्रार्थनेचं दालन दोनशे वर्षांचं, मनोरा त्याहून तीनशे वर्षांनी जुना. हल्ला झाला की गाव त्यात शिरायचं, म्हणून भिंती चार हात जाड आणि खिडक्या जेमतेम फटीएवढ्या. वर अडीचशे किलोची घंटा. तिची तुळई किड्यांनी पोखरलीय, हे सुताराला मागच्याच आठवड्यात कळलं होतं. सोमवारी घंटा उतरवणार होते. तोवर मनोऱ्याच्या कमानीला आडवी फीत बांधली होती, दोराला हात लावायचा नाही.

"दोर कुठपर्यंत येतो?" विचारता विचारता वृंदा वळली. तन्वी नव्हती. मोज्यांतली पावलं वाजलीच नव्हती.

ती फितीखालून आत शिरली होती आणि दोन्ही हातांनी दोर धरून उभी होती. तिच्या केसांवर वरून भुसा गळत होता.

नोएलनी वृंदाचा दंड धरला. धावू नका, ते पुटपुटले. दचकली तर ओढेल.

"आय हॅव टू रिंग इट, मॅमी," तन्वी म्हणाली.

देवळात शिरलं की घंटा वाजवायची, हे वृंदानेच तिला उचलून धरून शिकवलं होतं. आता 'नको' म्हटलं की ती हमखास ओढणार. मग वृंदाला मिरजेच्या देवळातली दुपार आठवली. नैवेद्य झाला की पडदा ओढायचे, आणि गुरव पोरांना घंटेजवळ फिरकू द्यायचा नाही.

"तनू, दुपार झालीय ना," ती अगदी हळू म्हणाली. "देव जेवून झोपलाय. आत्ता वाजवलीस तर दचकून उठेल की बिचारा."

तन्वीने वेदीकडे पाहिलं. "इज ही नॅपिंग?"

"हो. गाढ. ये, चवड्यांवर ये."

एक हात सुटला. दुसरा सुटेना. वृंदाने ओठांवर बोट ठेवलं. मग तन्वीने दोर अलगद सोडला आणि चवड्यांवर चालत आली. वृंदाने तिला कडेवर घेऊन घट्ट आवळलं.

नोएलनी दोर उंच खुंटीला गुंडाळला. तुमच्या भाषेत पोरीला काय सांगितलंत, त्यांनी विचारलं. वृंदाने सांगितलं.

"ग्रँड," म्हणजे झकास, ते कुजबुजले. धोका टळला होता, तरी दोघांनाही मोठ्याने बोलवेना.