कोपऱ्याला कोपरा

“दहापैकी तीन,” सून म्हणाली आणि फोन पालथा टाकून तिने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

घडीमावशी दारात चपला घालत होत्या. सकाळच्या पाळीला निघायची वेळ झाली होती. पण हे ऐकल्यावर एका पायात चप्पल तशीच ठेवून त्या लंगडत आत आल्या.

“कुणाला?”

“आपल्याला.”

“अगं बाई! छापून आलं? कुणी लिहिलं?”

“त्याचं लिहिलेलं सगळे वाचतात, आई. व्हिडिओ गेमवर लिहिणाऱ्यांमध्ये त्याचा शब्द म्हणजे शब्द. संपलं सगळं.”

“संपलं कसं? मी अजून ऐकलंसुद्धा नाही. वाच.”

मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं नोकरीला होत्या. तळघरात मशिनं, मशिनांपुढे लांबलचक टेबल आणि टेबलाच्या टोकाशी मावशी. त्यांच्या हातची घडी इतकी चोख असायची की वरच्या वॉर्डातल्या सिस्टर गठ्ठा पाहूनच म्हणायच्या, आज मावशी ड्यूटीवर आहेत. खरं नाव हजेरीच्या वहीत राहिलं आणि घडीमावशी हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोन वर्षांपूर्वी एकदा चहा पिताना त्या सहज म्हणाल्या होत्या, “चादर हातात घेतली ना, की कळतं मला. कोण गाढ झोपलं होतं, कोण कूस बदलत होतं, कुणी उगाच मुठी आवळल्या होत्या. माणूस घरी जातो, झोप चादरीवर तशीच राहते.” सुनेचा कप हातातच राहिला. आठवड्याभरात तिने कंपनीतली नोकरी सोडली आणि आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून गेम करायला घेतला. नाव ठेवलं ‘उरलेली झोप’. पस्तीस मिनिटांचा गेम. हॉस्पिटलच्या तळघरात खेळणारा चादरी धुतो आणि प्रत्येक चादरीतून कुणाचं तरी स्वप्न बाहेर पडतं. एकीतून मासा निघतो, एकीतून कुठेच न पोचणारा जिना, एकीतून आख्खा घोडा. मग ती चादर घडी घालून लिफ्टने वर पाठवायची. बस्स, एवढंच. मावशींचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, पहिल्यांदा खेळला तेव्हा डोकं खाजवत म्हणाला होता, “छान आहे. पण काय आहे?”

गेम बाहेर येऊन अकरा दिवस झाले होते आणि चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. फिरकलं ते हे परीक्षण. त्यात जुन्या कंपनीने सुनेला परत बोलावलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

सुनेने पांघरुणातूनच वाचलं. “ ‘घोडा का येतो ते कळत नाही. मासा का येतो तेही कळत नाही. कळतं ते एवढंच की चादरीचे कोपरे काही केल्या जुळत नाहीत. मी सतरा चादरी तीन-तीनदा घडी घातल्या. त्यापेक्षा घरातले कपडे वाळत घातले असते तर घरच्यांनी तरी नाव काढलं असतं.’ ”

मावशी मटकन पलंगावर बसल्या. “सतरा चादरी? तीन-तीनदा?”

“हो.”

“म्हणजे एक्कावन्न घड्या घातल्या त्याने!” मावशींचा चेहरा असा फुलला की सुनेने पांघरूण खाली घेतलं. “अगं, आमच्याकडे नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिसाव्या चादरीला कंबर धरून बसते. आणि हा एवढा मोठा माणूस, कधी चादरीला हात लावला नसेल, त्याने एक्कावन्न घातल्या? सोडून नाही दिलं?”

“आई, त्याने शिव्या घातल्यात आपल्याला.”

“घालू दे की. चिवट आहे माणूस,” मावशी म्हणाल्या आणि दुसरी चप्पल शोधायला लागल्या.

त्या दिवशी लाँड्रीत दुसरा विषय नव्हता. मशिनांच्या घरघरीवर आवाज चढवून मावशींनी ते परीक्षण सगळ्यांना ऐकवलं, अर्थात थोडं तिखटमीठ लावून. इस्त्रीवालीने विचारलं, “एक्कावन्न तो एकटाच घालत होता?”

“एकटाच. गेम एकट्यानेच खेळायचा असतो.”

“मग कोपरे कसे जुळतील? डबल चादर एकट्याने होते होय?”

मावशींचा हात टेबलावरच थांबला. एकतीस वर्षं त्यांच्या समोर कुणी ना कुणी चादरीचं दुसरं टोक धरून उभं होतं. आधी एक थोराड बाई होती, ती निवृत्त झाली. मग एक बडबडी आली, आता ही इस्त्रीवाली. समोरचं माणूस इतकं अंगवळणी पडलं होतं की सुनेला सगळं सांगताना नेमकं तेच सांगायचं राहिलं होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी कपाटातली सगळ्यांत मोठी चादर ओढली. “ऊठ. ते टोक धर.”

“आई, माझा मूड नाहीये.”

“मूड नको, टोक धर.”

सुनेने टोक धरलं. मावशींनी आपलं टोक एकदा झटकलं, तशी चादर मधोमध फुगली आणि सपाट झाली. “आता पुढे ये. माझ्या हातात दे. हातात, फेकायची नाही! बोटाला बोट लागलं पाहिजे, तेव्हा कोपऱ्याला कोपरा लागतो. आता खालची कड उचल. मागे सर. माझ्याकडे बघ, चादरीकडे नाही. समोरच्या माणसाकडे बघितलं की चादर आपोआप सरळ येते.”

पहिल्या घडीला सून अडखळली, तिसरीला हसली. सहाव्या घडीला दोघी पुढे-मागे अशा सरकायला लागल्या की दारात उभा राहिलेला मुलगा बूट काढायचंच विसरला. आठव्या घडीला सून मध्येच थबकली.

“आई, त्याचं बरोबर होतं!”

“कुणाचं?”

“तीन देणाऱ्याचं! समोर कुणीतरी हवं होतं.”

पुढचे वीस दिवस आतल्या खोलीचं दार बंद राहिलं. मधूनमधून ते उघडायचं आणि हाक यायची, “आई, हात!” मग मावशी कॅमेऱ्यापुढे हात धरून उभ्या राहायच्या. ब्लीचने रंग उडालेली बोटं, उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा व्रण, सगळं जसंच्या तसं गेममध्ये गेलं. “जरा क्रीम तरी लावू दे,” असं मावशींनी म्हणून पाहिलं, पण सुनेने ऐकलं नाही. महिनाअखेरीला तिने कंपनीला दोन ओळींत नकार कळवून टाकला. विचारलं तर म्हणाली, “वेळ नाहीये मला.”

गेम नव्याने बाहेर आला तेव्हा मावशींनी हट्टच धरला. “त्या साहेबांना कळव. म्हणावं, तुमचं बरोबर होतं, आता येऊन बघा.”

“परीक्षण लिहिणाऱ्याला असं कुणी लिहीत नाही, आई.”

“मग आपण पहिल्या.”

नऊ दिवसांनी उत्तर आलं, तेही छापूनच. सुनेने या वेळी पांघरूण घेतलं नाही. ती थेट लाँड्रीत उतरली, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि मशिनं बंद करायला लावून टेबलाशी उभं राहून तिने वाचलं.

“ ‘या गेमच्या कर्त्यांनी मला कळवलं की माझी तक्रार रास्त होती. बावीस वर्षं लिहितोय, असं पत्र मला कधी आलं नव्हतं. म्हणून पुन्हा खेळलो. आता चादरीच्या पलीकडून दोन हात येतात. कुणाचे ते गेम सांगत नाही. ते हात घाई करत नाहीत. माझं चुकलं की थांबतात, मी सावरलो की पुढे येतात. सतरा चादरी झाल्या तेव्हा त्यांना सोडून जावंसं वाटेना, म्हणून मी पुन्हा पहिल्या चादरीपासून सुरुवात केली. दहापैकी आठ.’ ”

लाँड्रीत असा गलका झाला की वरून वॉचमन धावत आला.

मावशींनी डोळे पुसले आणि विचारलं, “दोन कुठे गेले?”

“घोडा अजूनही कळला नाही म्हणतो.”

“त्यात काय कळायचंय? सहा नंबरच्या वॉर्डात एक आजोबा होते. झोपेत टाचा मारून मारून त्यांनी तीन चादरी फाडल्या. सिस्टर म्हणायच्या, रोज घोड्यावर बसतात आणि सकाळी दमून उतरतात.”

त्यानंतर लिहिणाऱ्यांची रीघच लागली. कुणी लिहिलं, घोडा म्हणजे कष्टकऱ्यांचा दबलेला राग. कुणी लिहिलं, मासा म्हणजे भाषा. एकाने तर जिन्यावर नऊ परिच्छेद खर्ची घातले. जेवणाच्या सुट्टीत सून फोन करून ते वाचून दाखवायची आणि बायका हसून हसून टेबलावर पडायच्या. पण मावशींनी एकदा सगळ्यांना दटावलं. “हसू नका. माणसं जीव लावून बघतायत. आपण एवढं बघितलं होतं का कधी?” त्या महिन्यात वरच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर चक्क तळघरात येऊन गेल्या आणि टेबलाचं टोक धरून एकेक चादर घडी घालून गेल्या. वाकडीच घातली. मावशींनी त्यांची पाठ वळेपर्यंत कळ काढली आणि मग त्या दोन्ही चादरी पुन्हा घातल्या.

एका रविवारी दुपारी सून खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचत होती. मावशी शेजारी बसून शेंगा सोलत होत्या. वाचता वाचता ती एक अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

“काय गं? पुन्हा तीन?”

“नाही. एका बाईने लिहिलंय. गुण नाहीत दिलेले.” तिने हळू आवाजात वाचलं. “ ‘माझे वडील हॉस्पिटलमध्ये गेले. मी धावत पोचले तोवर पलंग रिकामा होता आणि कुणीतरी चादर गोळा करून घेऊन जात होतं. त्यांच्या अंगाला शेवटची लागलेली वस्तू ती. मी दोन वर्षं विचार करतेय, तिचं पुढे काय झालं असेल.’ ”

मावशींनी शेंगांची परात बाजूला ठेवली, हात धुऊन पुसले आणि चष्मा मागितला.

“मी सांगते काय लिहायचं ते,” सून म्हणाली.

“नको. मला माहितीये.”

एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहायला सुरुवात केली. अर्धा तास लागला. सुनेने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

‘बाई, तुमचं हॉस्पिटल कुठलं ते मला माहीत नाही, पण आमच्याकडे तशी चादर आली की वरून निरोप येतो. आम्ही ती वेगळी धुतो. दोघी मिळून घडी घालतो. तेवढा वेळ कुणी मोठ्याने बोलत नाही.’

“खाली नाव काय घालू?” मावशींनी विचारलं.

“तुमचं घाला ना, आई. खरं नाव.”

मावशींनी थोडा विचार केला. मग चष्मा नाकावर नीट बसवला आणि लिहिलं, ‘लाँड्री, सकाळची पाळी.’