चार बटनांची पाटी

भागीरथेचं बोलणं दिवाळीच्या आधी गेलं. उजवं अंगही गेलं. डाव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला, तोही थरथरता. रोज दुपारी ती माझ्याकडे बघून काहीतरी मागते. मी पाणी देतो, कूस बदलतो, खिडकी उघडतो. ती तोंड फिरवते. ग्रंथालयात जन्म काढला, पण बायकोला काय हवं ते मला वाचता येत नाही.

माझी भाची सुरभी यवतमाळला इंजिनिअरिंग शिकते. तिने मामीसाठी एक पाटी केली. फळीवर चार मोठी बटनं, खाली एक छोटी चिप. पडद्यावर अक्षरांचा तक्ता दिसतो. बटनांनी पुढेमागे जायचं, अक्षर घ्यायचं, चुकलं तर खोडायचं. अंगठा नुसता थरथरला तर चिप तिकडे लक्ष देत नाही. बटन दाबून धरलं तरच अक्षर पुढे जातं.

अडचण आमच्या कॉम्प्युटरची. ग्रंथालयाने मोडीत काढलेला तो, की-बोर्डसाठी गोल भोक असलेला. सुरभीची पाटी नव्या, चपट्या भोकाची. मग तिने एका बंद पडलेल्या की-बोर्डची वायर कापून पाटीला जोडली आणि चिपला जुन्या मशीनची भाषा शिकवली.

"एक तार करंटची, एक अर्थिंगची, एक अक्षरं नेते आणि एक त्याईले ठेका देते," तिने समजावलं. मी मान हलवली. ठेका तेवढा समजला.

भाव नाही म्हणून आमच्या केळापुरात यंदा घरोघर कापूस पडून होता. आमच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि उरलेल्या जागेत खाट नि टेबल. भागीरथेने तिथेच पहिला शब्द लिहिला. आधी म, मग बऱ्याच वेळाने ले.

"मले!" सुरभी ओरडली. "मामी, लिवा पुढचं!"

शेजारचे नानाजी दारात उभे होते. "सदाशिवराव, वहिनीले बोलकं करून राह्यले, मंग तुमचं काही खरं नाही!"

भागीरथेचा अंगठा पुन्हा बटनाकडे गेला आणि लाइट गेली.

आमच्याकडे लाइट गेली की हात आपोआप पिनांकडे जातात. परत येणारा करंट झटका देतो, टीव्ही जाळतो. मी भिंतीतली पिन ओढली, आणि त्याच भरात कॉम्प्युटरच्या मागची, पाटीची गोल पिनही.

लाइट आली. सुरभीने कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळल्यावर पाटीची वायर लोंबताना दिसली.

"बंद करून लावायची का?" मी म्हटलं. "याच्या माहितीपुस्तकात, चालू असताना लावू नये असं..."

"मामा, लाइट पुन्हा जाईन ना! कॉलेजात आम्ही चालूवरच लावतो."

"पुस्तकवाल्याले करंटचं काय समजते?" नानाजी हसले.

तिचंच बरोबर असेल असं मला वाटलं. मी बाजूला सरलो. तिने पिन खोचली. पाटीवरचा लाल दिवा लागला आणि विझला. तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, ग्रंथालयातला दुसरा की-बोर्ड आणून लावून पाहिला. काहीच हलेना.

"भोकच गेलं, मामा," ती हळूच म्हणाली. "मले नव्याचीच सवय, ते चालूवर लावलं तरी जळत नाही. काय करू आता?"

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला असलं जुनं दुरुस्त करणारा कोणी सापडतो का, ते पाहायला ती दुपारच्या गाडीने गेली. नवा कॉम्प्युटर कापूस विकला गेल्यावर.

भागीरथा माझ्याकडे बघत होती. मी खाटेजवळ बसलो. तिच्या अंगठ्याखाली माझा तळहात धरला.

"मी अक्षरं म्हणतो. तुझं आलं की दाबजो."

क म्हटलं, अंगठा हलला. ख म्हटलं, हलला. ग म्हटलं, तेव्हाही. माझाही हात आता स्थिर नसतो. त्यातलं तिचं कोणतं, माझं कोणतं, मला कळेना.

"ग का?" मी विचारलं.

तिने तोंड फिरवलं.

मी पुन्हा क म्हटलं.